दीड किलो

वजनाच्या यादीत माझ्या नावापुढे ४७.३ असा आकडा आहे. माझा गट ४९ किलोचा होता. म्हणजे काट्यावर उभी राहिले तेव्हा मी मर्यादेच्या एक किलो सातशे ग्रॅम खाली होते. ही यादी मी स्वतः पाहिली आहे, पण घटनेनंतर सहा वर्षांनी, वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर. तोपर्यंत तो आकडा ऐकीव होता. ऐकीव आकडा छापायचा नाही, असं आमच्या डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी दोन्ही मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. मी सोळा वर्षांची होते. तेवीस दिवस रुग्णालयात काढले आणि पाच वेळा डायलिसिस झालं. मी वाचले, हे मी लिहीत आहे यावरून कळेलच.

आमच्या जिल्ह्यात मुलींना तालमीत घालणारी घरं आता बरीच आहेत. त्या घरांत वजनगटांचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्या आकड्यापर्यंत घरी कसं पोचतात, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आडतीवरचा काटा

आमचं गाव शेवगाव तालुक्यात. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. शेतात कांदा आणि कपाशी. शेवगावच्या तालमीत आम्ही अकरा मुली होतो. वस्ताद चांगले होते, हे आधी नोंदवते. तालमीतला वजनाचा काटा मात्र निरुपयोगी होता. एका पायावर जोर दिला की काटा दोन किलो हलायचा. वस्ताद पालकांना सरळ सांगायचे, "कुस्ती मी बघतो, वजन तुमी बघा."

आप्पांनी ते मनावर घेतलं. स्पर्धेला दहा दिवस उरले तेव्हा कांदा विकायला गेलेल्या टेम्पोतून ते मलाही बाजार समितीत घेऊन गेले. तिथे आमच्या आडत्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता. कांद्याची पोती उतरली, मग मी चपला काढून वर उभी राहिले.

हमाल हसायला लागले. "आप्पा, ही गोल्टी का एक नंबर?" गोल्टी म्हणजे बारका कांदा, वेगळा काढतात तो.

"एक नंबर हाय," आप्पा म्हणाले, "पन लिलावाला न्हाई आनलेली."

मापाड्याने वाचलं, "एक्कावन दोनशे."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजी बावन सातशे."

"आप्पा, त्यांनी एक्कावन दोनशे सांगितलं."

"आडत्याचा काटा हाय त्यो, पोरी. पन्नासाच्या पोत्याला दीड किलो मारतोच. आठ वर्षं बघतोय मी. घरी तोललेलं पोतं हितं कवाच तेवढं भरत न्हाई."

"मग घरच्या काट्यावर बघू."

"घरचा हुकाचा हाय. तुला काय पोत्यावानी टांगू?"

आम्ही दोघंही हसलो. मला तो हिशेब पटला. मी पन्नासाच्या आसपास, पोतंही पन्नासाचं. कांदा पिकवणाऱ्या कुठल्याही घरात तो पटला असता.

म्हणून पुढे दोनदा आडतीवर वजन केलं तेव्हाही आम्ही तेच केलं. काटा जे दाखवील त्यात दीड मिळवायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी काट्यावर ४८.८ आलं. मी गटात बसले होते. दोनशे ग्रॅम शिल्लक होते, एक फुलपात्र पाणी प्यायले असते तरी चाललं असतं. आप्पांनी त्याचे पन्नास तीनशे केले.

"तेराशे ग्रॅम राह्यलं," ते म्हणाले. "जमंल का?"

मी म्हटलं, जमेल.

तेराशे ग्रॅम

तेव्हा मे महिना होता. तालमीला पत्र्याचं छप्पर आहे. मी दोन स्वेटर घातले, वर रेनकोट चढवला आणि दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. आदल्या दोन दिवसांत पाणी चमच्याने घेतलं होतं. साधारण तासाभराने घाम यायचा थांबला. मला वाटलं, आता निघण्यासारखं पाणी उरलं नाही, म्हणजे वजन झालं. घाम थांबणं ही धोक्याची खूण असते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तालमीत ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी झाली, आणि ती फक्त मला माहीत होती. आत्या आमच्याकडे राहते. तिच्या पायांवर सूज येते, त्यासाठी तिला एक गोळी आहे. ती घेतली की लघवी जास्त होते. वजन उतरवायला ती चालते, असं तालमीत ऐकलं होतं. मी आत्याच्या डब्यातून दुपारी एक आणि संध्याकाळी एक घेतली. अंग फार दुखत होतं म्हणून दुखण्याची गोळीही घेतली. आप्पांना सांगितलं नाही, कारण त्यांनी नाही म्हटलं असतं.

स्पर्धा कर्जतला होती. वजन सकाळी घेतात आणि कुस्त्या त्याच दिवशी लागतात. एका शाळेच्या वर्गात मुलींची रांग होती. महिला अधिकारी आधारकार्ड बघतात, नखं बघतात, अंगावर कातडीचा आजार नाही ना ते बघतात. मग काटा. ठरलेली वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा काट्यावर जाता येतं. कपड्यांसाठी सूट मिळत नाही. जास्त भरलं तर बाहेर. कमी भरलं तर काय, याबद्दल त्या वर्गात कुणी काही बोललं नाही, कारण नियमात त्याला अडवणारं काही नव्हतं.

मी काट्यावर एकदाच चढले. समोर आकडा असणार. मला तो दिसल्याचं आठवत नाही. आठवतो तो आवाज. बाईंनी लिहिता लिहिता, वर न बघता म्हटलं, "पास. पुढची."

बाहेर आप्पा उभे होते. मी मान हलवली. त्यांनी खिशातून ग्लुकोजचा पुडा काढला.

काळा चहा

पहिली कुस्ती मी गुणांवर जिंकले. त्यानंतर शाळेच्या स्वच्छतागृहात गेले तेव्हा लघवी अगदी थोडी झाली, आणि तिचा रंग काळ्या चहासारखा होता. मी दोन मग पाणी ओतलं आणि बाहेर आले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची कुस्ती खेळू दिली नसती.

हे वाचणाऱ्या मुलींपैकी कुणी असा रंग पाहिला, तर बाकीचं सगळं सोडून त्या क्षणी कुणालातरी सांगावं. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

दुसरी कुस्ती मिनिटभरही चालली नाही. मांड्यांना गोळे आले आणि मी पाठीवर पडले. प्रतिस्पर्धी उठली, मी उठले नाही. वस्तादांनी आणि आप्पांनी उचलून जीपमध्ये घातलं. कर्जतच्या दवाखान्यात सलाइन लावली आणि नगरला न्यायला सांगितलं. वाटेत मी उलट्या करत होते आणि आप्पा सारखे म्हणत होते, "आलं नगर, आलं." नगर अजून चाळीस किलोमीटर होतं.

"खोटं बोलू नका"

नगरच्या रुग्णालयात संध्याकाळी निदान झालं. तरुण डॉक्टर होते, दमलेले. स्नायू तुटून त्यांतला कचरा रक्तात आला आहे, अंगात पाणी नाही, मूत्रपिंडं गाळायचं काम करत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग आप्पांकडे वळले.

"गोळी कुठली दिली होती?"

"कसली गोळी, सायेब?"

"वजन कमी करायची. लघवीची."

"न्हाई. पानी तोडलं हुतं. गोळी न्हाई."

"खोटं बोलू नका. तुम्ही खोटं बोललात तर मी उपचार काय करू? मेडलपायी पोरगी मारायला निघालात."

"देवाशप्पथ, सायेब. गोळी न्हाई दिली."

"शपथा नकोत. नाव सांगा."

मी पाच फुटांवर होते. डोळे मिटलेले होते, पण शुद्ध होती. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. गावाहून येऊन पोचलेली आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती आप्पांना म्हणाली, "काय दिलं आसंल तर सांगा की वो." म्हणजे तिचाही विश्वास नव्हता.

मी बोलले नाही. भीती होती, लाज होती. कारण काहीही असो, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सिस्टर सलाइन बदलत होत्या, तेव्हा त्यांना सांगितलं. मधे सोळा तास गेले होते. त्या वेळात उपचार काही वेगळे झाले नसते, असं डॉक्टर पुढे म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते ठाऊक नाही. पण त्या सोळा तासांत माझे वडील सगळ्या वॉर्डासाठी खोटारडे होते. ते बाकावर एकटे बसले होते आणि आईने त्यांना जेवायला बोलावलं नव्हतं.

सांगितल्यावर डॉक्टरांनी बाहेर जाऊन आप्पांचा खांदा धरला. आप्पा आत आले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "आत्याला गोळ्या कमी पडतील आता. आनून ठिवतो."

पाहुणी

मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. शेजारच्या खाटेवर राहात्याचे एक काका यायचे. निवृत्त शिक्षक, पेरूची बाग, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चौथं वर्ष. पहिल्या दिवशी मी रडत होते.

"पोरी, रडतीस कशाला? तू पाहुनी हाय हितं. आमी घरचे."

"मी कधी जाणार पण?"

"पाहुनीनं इचारायचं नसतं. यजमानानं हाकलायचं असतं."

ते शिकवताना शुद्ध बोलत असणार. खाटेवर बसले की गावची भाषा यायची. मशीन सुरू असताना ते मला पेरूच्या जाती सांगत. मला पेरू खायला बंदी होती, त्यांनाही होती.

पाण्याचं मोजमाप पुन्हा सुरू झालं होतं. लघवी होत नव्हती, म्हणून दिवसाला अर्धा लिटर, औषधांसह. सिस्टरांनी बाटलीवर पेनाने रेघा मारल्या होत्या. स्पर्धेआधी दोन दिवस मी जवळजवळ पाण्याविना काढले होते, ते एका दिवसासाठी म्हणून. आता ते किती दिवस चालेल, कुणी सांगत नव्हतं. तोंड कोरडं पडलं की सिस्टर ओल्या कापसाने ओठ पुसायच्या आणि म्हणायच्या, "हे हिशेबात नाही धरत मी." ती एक मेहेरबानी मला अजून पुरते.

डॉक्टर रोज एकच प्रश्न विचारत, लघवी झाली का? उत्तर 'नाही' असलं की ते फाइलवर वाकायचे. मूत्रपिंडं परत चालू होतील का, एवढाच प्रश्न होता. तीन-चार आठवड्यांत झाली तर झाली, नाहीतर काकांसारखं. आईने हे ऐकलं होतं. तिने मशीनला एकदा नमस्कार केला आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसली.

सत्तेचाळीस तीनशे

आठव्या दिवशी वस्ताद आले. हातात दोन शहाळी होती. ती मला चालत नव्हती, म्हणून आईने स्टुलाखाली ठेवली. वस्तादांना माझं कौतुक करायचं होतं.

"पोरीनं मन लावून उतरवलं हुतं, आप्पा. सत्तेचाळीस तीनशे भरली. मी बाईला दोनदा इचारलं."

आप्पा रेघांची बाटली धुऊन पुसत होते. "किती?"

"सत्तेचाळीस तीनशे."

"येकूनपन्नासचा गट हुता."

"व्हय. आरामात बसली की."

आप्पांनी बाटली खाली ठेवली. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते, हे मला आणि आईला दोघींना कळलं. सत्तेचाळीस तीनशे. आदल्या दिवसाचे पन्नास तीनशे. एका दुपारीत तीन किलो उतरत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. पन्नास तीनशेतून वर मिळवलेलं दीड काढलं की उरतात अठ्ठेचाळीस आठशे. आडतीवरच्या काट्याने तेवढेच दाखवले होते.

"म्हंजी आदल्या दुपारीच..." ते म्हणाले आणि थांबले.

आईने वाक्य पुरं केलं. "म्हंजी तिला पानी चाललं आसतं."

वस्तादांनी दोघांकडे पाहिलं आणि ते उठले. आप्पा त्यांना सोडायला गेले ते दोन तास आले नाहीत. आल्यावर माझ्या पायाशी बसले. आई त्यांच्याशी त्यानंतर रुग्णालयात एक शब्द बोलली नाही. निरोप माझ्यामार्फत जायचे. "आप्पांना सांग, डबा आलाय." आप्पा समोरच असायचे.

अकराव्या दिवशी चाळीस मिलिलिटर लघवी झाली. आई मोजपात्र घेऊन वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली. "सिस्टर, चाळीस! चाळीस झाली!" दोन नातेवाइकांनी तोंडं फिरवली. आईला त्याचं काही नव्हतं. पुढच्या दिवशी एकशेदहा. मग चारशे. पाचव्या डायलिसिसनंतर मानेतली नळी काढली. राहात्याचे काका म्हणाले, "हाकलली बग यजमानानं." पुढे मी तपासणीला गेले तेव्हा त्यांच्या खाटेवर दुसरं कुणी होतं. मी विचारलं नाही.

नंतर

घरी आल्यावर महिनाभराने आप्पा घरचा हुकाचा काटा घेऊन शेवगावला गेले. वजनंमापं दुरुस्त करणाऱ्याकडे त्यांनी तो तपासून घेतला. तो पन्नासाला दीड किलो जास्त दाखवत होता. आडत्याचा काटा बरोबर होता. आठ वर्षं बरोबर होता.

आप्पा तिथून थेट आडतीवर गेले आणि आडत्याला म्हणाले, "मी तुमाला आठ वर्षं चोर म्हनत हुतो." आडत्याला काही समजलं नाही. त्याने चहा मागवला. हे मला हमालांकडून कळलं, आप्पांकडून नाही.

माझ्या रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं आणि जे साधारण एकच्या आत असावं लागतं, सगळ्यात जास्त ९.४ होतं. वर्षाने १.३ वर आलं आणि तिथेच थांबलं. कुस्ती बंद झाली. आता मी पंचवीस वर्षांची आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. गेल्या वेळी १.४ आलं. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक प्रयोगशाळेचाही असू शकतो.

क्रीडा पानासाठी मला कुस्तीच्या स्पर्धांना पाठवतात. कुस्त्या मी शांतपणे बघू शकते. वजनाच्या खोलीत जात नाही. बँकेच्या रांगेत किंवा तिकीट खिडकीवर कुणी बाई "पुढची" म्हणाली की मला जागचं हलता येत नाही. मागचे लोक ढकलतात. हे वर्षातून चार-पाच वेळा होतं. त्यावर औषध नाही, आणि ते बरं होईल असं मी कुणाला सांगणार नाही.

पालकांना सांगायचं ते थोडं आहे. वजन आणि कुस्ती एकाच माणसाने बघावी. मुलगी ज्या वजनाला धडधाकट आहे, त्याच गटात तिला खेळवावी. डॉक्टरांनी गोळीबद्दल विचारलं तर आधी मुलीला एकटीला विचारू द्यावं.

हा मजकूर छापण्याआधी मी गावी गेले आणि आप्पांना वाचायला दिला. ते ओसरीवर उन्हात बसून वाचत होते. त्यांना वेळ लागतो. त्यांनी पेन मागितला.

"नाव का न्हाई घातलं माजं?"

"नावं कुणाचीच घातली नाहीत."

"मग लोकान्ला कसं कळायचं कोन बाप हुता?"

"कळायची गरज नाही, आप्पा."

त्यांनी काट्याचा भाग पुन्हा वाचला आणि तसाच ठेवला. घरचा काटा चुकीचा होता, तिथे 'आठ वर्षं' या शब्दांखाली रेघ मारली. मग मागे गेले आणि आत्याच्या गोळीचा परिच्छेद, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, खोडला. डॉक्टरांचा प्रसंगही खोडला.

"हे कशाला खोडलं?"

"तुजं लगीन व्हायचंय अजून. माजं काय राह्यलंय? माजंच ऱ्हाऊ दे."

आई आतून आप्पांना म्हणाली, "तिला सांगा, बाप सांगतोय ते ऐक."

मी कागद घेऊन नगरला आले. त्यांनी खोडलेले दोन्ही भाग परत घातले आहेत. त्यांनी ते खोडले होते, हीही नोंद केली आहे.